‘ब्रिमफुल ऑफ आशा’ पुन्हा ऐकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचं हे गाणं मी ओळखीतल्या कुणाकुणाला ऐकवत असते, आणि ऐकून झालं की साधारण तेच ते प्रश्न येतात. काहींना चाल आठवत असते पण बँडचं नाव नाही. काहींना ‘ते आशा भोसलेंवरचं इंग्रजी गाणं’ एवढंच ठाऊक असतं. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. जिथे बोलण्यासारखं आहे तिथे लांबण लागेल, बाकीचं दोन ओळींत उरकलंय.

हे गाणं कुणाचं आणि कधीचं?

कॉर्नरशॉप हा बँड १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात सुरू झाला. गाणी लिहिणारा आणि गाणारा तजिंदर सिंग, त्याच्या जोडीला बेन एअर्स. बाकीची माणसं येत-जात राहिली. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ ऑगस्ट १९९७ मध्ये सिंगल म्हणून आलं आणि पुढच्याच महिन्यात ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ या त्यांच्या तिसऱ्या अल्बममध्ये. रेकॉर्ड काढली होती विजा नावाच्या छोट्या स्वतंत्र लेबलने. लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्डच्या दुकानाचा पोस्टकोड ‘डब्ल्यू ११ १ जेए’, त्याच्या अक्षर-आकड्यांतूनच हे नाव घडवलेलं. अमेरिकेत त्यांचं काम टॉकिंग हेड्स या बँडवाल्या डेव्हिड बर्नच्या लुआका बॉप या लेबलने काढलं. थोडक्यात, इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरचे, स्वतंत्र) म्हणवून घ्यायचा हक्क या मंडळींना पुरेपूर होता.

पहिल्यांदा आलं तेव्हा हे गाणं ब्रिटिश चार्टवर, म्हणजे खपाच्या साप्ताहिक यादीत, ६०व्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि तिथूनच परत फिरलं. पुढची गोष्ट खाली येतेच आहे.

यातली आशा म्हणजे आपल्या आशाताईच ना?

हो, त्याच. ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगलीत जन्मलेल्या, मास्टर दीनानाथांच्या कन्या, १९४३ साली ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी दत्ता डावजेकरांच्या चालीवर पहिल्यांदा गायलेल्या. शीर्षकातला श्लेष (काठोकाठ भरलेली ‘आशा’, गायिकाही आणि उमेदही) आपल्याला आयता मिळतो, इंग्रज श्रोत्याला तो कुणीतरी सांगावा लागतो.

पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. आपल्या घरातल्या आशाताई आणि तजिंदरच्या घरातल्या आशाताई अगदी एक नव्हेत. आपल्याकडे त्या भावगीतांच्या, नाट्यगीतांच्या, हृदयनाथांनी चाली दिलेल्या सुरेश भटांच्या गझलांच्या. तजिंदर मूळचा ज्या शहरातला, त्या वुल्व्हरहॅम्प्टनमधल्या पंजाबी घरात त्या पोचल्या त्या हिंदी सिनेमाच्या पाठीवर बसून. गाण्यात त्यांना ‘साडी राणी’ म्हटलंय. मला बरीच वर्षं त्यात नेसायची साडीच ऐकू यायची. ते पंजाबी आहे, ‘आमची राणी’. सांगलीच्या मुलीला वुल्व्हरहॅम्प्टनचा मुलगा ‘आमची’ म्हणतो आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही, हिंदी सिनेमाची ताकद ती हीच.

मग गाण्यात त्यांचा आवाज कुठे आहे?

कुठेच नाही. एक आलाप नाही, एक हरकत नाही, जुन्या रेकॉर्डमधला चिमूटभर तुकडासुद्धा नाही. पुष्कळांना तो ऐकल्यासारखा आठवतो, मी शपथेवर सांगणारी माणसंही पाहिली आहेत, पण तो नाही.

नव्वदच्या दशकात हे करणं किती सोपं होतं ते पाहा. सॅम्पलर, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून वापरायची यंत्रं, सगळ्यांच्या हाताशी होते. कॉर्नरशॉपच्या त्याच अल्बममध्ये इकडचे-तिकडचे ध्वनी भरपूर पेरलेले आहेत. आशाताईंची एखादी ओळ उचलून मधोमध ठेवली असती तर इंग्लंडमधल्या क्लबांत टाळ्याच पडल्या असत्या. तो मोह टाळला. पडद्यावर नाचणारी नटी वेगळी, गाणारी वेगळी, आणि स्वप्न जिवंत ठेवते ती पडद्यामागची, असं गाण्यातच म्हटलंय. पार्श्वगायिकेवर गाणं करायचं आणि तिला पार्श्वभागीच ठेवायचं, हे मला फार हुशारीचं वाटतं.

यातून माझं एक मत झालंय, तेच या पानाचं खरं निमित्त म्हणा. हे गाणं आशाताईंची आरती नाही. तो आवाज ज्या वस्तूंमधून माणसांच्या खोल्यांत येऊन पोचला, त्या वस्तूंचं ते गाणं आहे. म्हणून तर आशाताईंच्या एकाही गाण्याचं नाव त्यात येत नाही, पण रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरची नावं येतात.

सारखं ‘फोर्टी-फाइव्ह, फोर्टी-फाइव्ह’ काय चाललंय?

मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची रेकॉर्ड. आरसीए व्हिक्टर कंपनीने ती १९४९ मध्ये अमेरिकेत बाजारात आणली. ब्रिटनमध्ये ‘सिंगल’ म्हणजे हीच, एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. वाढत्या वयातल्या पोराला खाऊच्या पैशांत परवडेल अशी ती एकमेव रेकॉर्ड.

आपल्याकडे तिचं रूप थोडं निराळं. एचएमव्हीच्या, कोलकात्याच्या डमडममधल्या कारखान्यातून निघणाऱ्या सात इंची ईपीवर बहुधा चार गाणी असायची, बाजूला दोन-दोन, आणि वेष्टनावर चित्रपटाचं रंगीत पोस्टर. ज्यांच्या घरी रेडिओग्राम होता त्यांना पुढचं सांगायला नको. पातळ कागदाच्या पिशवीतून रेकॉर्ड कडेला धरून काढायची, कपड्याने हलकेच पुसायची, आर्म उचलून सुई कडेच्या कोऱ्या पट्टीवर ठेवायची. मग गाणं सुरू होण्याआधी ती खरखर. शेजारी वेग बदलायची छोटी कळ : १६, ३३, ४५, ७८. मोठी माणसं घरात नसताना ४५ची रेकॉर्ड ७८वर लावून गायकाची चिमणी करणं आणि ३३वर लावून त्याला गाढ झोपवणं हा आमच्या पिढीच्या शेवटच्या-शेवटच्या मुलांचा लाडका उद्योग होता. ही कळ लक्षात ठेवा, रीमिक्सच्या प्रश्नात ती पुन्हा लागणार आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पंजाबी आणि गुजराती कुटुंबांकडे हिंदी गाणी पोचायचे रस्ते मोजकेच होते. रविवारी भाड्याने घेतलेल्या स्थानिक थिएटरात लागणारा सिनेमा, देशी दुकानात किराण्याशेजारी मांडलेल्या रेकॉर्डी, नाहीतर भारतातून परतणाऱ्या पाहुण्याची बॅग. बीबीसीवर दिवसभर आशा भोसले लागत नव्हत्या. त्यामुळे ती सात इंची चकती म्हणजे नुसती वस्तू नव्हती. चार वाजताच अंधारून येणाऱ्या हिवाळ्यात घरात भारत सुरू करायचं बटण होतं ते.

गाण्याच्या मधल्या यादीत कोण कोण आहे?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. गाणं मध्येच थांबल्यासारखं होतं आणि तजिंदर हजेरी घेतल्यागत नावं वाचत सुटतो. बहुतेक नावांमागे ‘फोर्टी-फाइव्ह’.

मोहम्मद रफी आणि लता मंगेशकर आपल्या ओळखीचे. (त्याच्या उच्चारात रफीसाहेबांचा ‘रुफी’ होतो.) मग सॉलिड स्टेट रेडिओ : व्हॉल्व्हचे सेट जाऊन ट्रान्झिस्टर आले तेव्हा कंपन्या हे दोन शब्द सेटवर मोठ्या दिमाखात छापत. फर्ग्युसन मोनो : फर्ग्युसन ही ब्रिटनच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यातली रेडिओ-रेकॉर्ड प्लेअरची कंपनी. पुण्याच्या कॉलेजचा काही संबंध नाही, हेही मला विचारून झालंय. त्यानंतर फ्रेंच गायक झाक द्युत्राँ, आणि ‘बोलन बूगी’, म्हणजे टी. रेक्स या ब्रिटिश बँडवाल्या मार्क बोलनचा १९७२चा गाण्यांचा संग्रह. पुढे ऑल इंडिया रेडिओ, टू-इन-वन, आर्गो रेकॉर्ड्स हे ब्रिटिश लेबल आणि शेवटी ट्रोजन रेकॉर्ड्स. १९६८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या ट्रोजनने जमैकाचं स्का आणि रेगे संगीत ब्रिटनमध्ये घरोघर नेलं. पंजाब्यांच्या शेजारच्याच गल्लीत कॅरिबियन कुटुंबं राहत, तेव्हा भिंतीपलीकडून ऐकू यायचं ते हेच.

आता गंमत अशी की यातल्या निम्म्या गोष्टी ४५ नाहीतच. आकाशवाणी रेकॉर्ड नव्हे. टू-इन-वनमध्ये रेकॉर्ड लागत नाही, कॅसेट लागते. तरी तो बहुतेकांना तोच शिक्का मारत जातो. पंजाब, मुंबई, पॅरिस, जमैका, लंडन, सगळं एकाच कपाटात, एकाच खणात, कुठलीही चिठ्ठी न लावता. स्थलांतरितांच्या मुलांवर ‘दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेली पिढी’ या थाटाचे किती लेख आपण वाचले असतील. इथे कात्रीबित्री काही नाही. पोराकडे चांगल्या रेकॉर्डी आहेत, एवढंच.

ऑल इंडिया रेडिओचं नाव त्या यादीत ऐकलं की मला हटकून बा. वि. केसकर आठवतात. १९५२ मध्ये हे आपले मराठी मंत्री माहिती आणि नभोवाणी खात्यावर आले आणि आकाशवाणीवरून हिंदी सिनेगीतं जवळपास हद्दपार झाली. लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. सरकारी इशाऱ्यांची आम्हाला पर्वा नाही अशा आशयाची एक ओळ याच गाण्यात आहे. तजिंदरच्या मनात केसकर असतील असं मी म्हणत नाही, पण ओळ त्यांना चपखल बसते.

ते उशीचं काय आहे?

धृपदाचा सरळ अर्थ : डोकं टेकायला प्रत्येकाला कुणाची तरी छाती हवी असते, माझी ४५वर आहे. आईची कूस म्हणा, प्रेयसीचा खांदा म्हणा. यात चावट काही शोधायला जाऊ नका, इंग्रज शाळकरी पोरांनी ते काम १९९८ मध्येच पुरेसं करून ठेवलंय.

मला आठवतं ते गाणं फास्ट होतं. हे एवढं संथ कसं?

कारण तुम्हाला आठवतं ते रीमिक्स. मलाही आधी तेच भेटलं, केबलवरच्या संगीत वाहिनीवर, आणि मूळ गाणं असं काही आहे याचा पत्ता बऱ्याच काळाने लागला.

झालं असं : १९९७च्या उन्हाळ्यात गाणं चार्टवर आपटलं, पण ऐकणाऱ्यांच्या मनातून गेलं नाही. बीबीसी रेडिओ वनवर जॉन पील दर वर्षअखेरीला श्रोत्यांच्या मतांवर ‘फेस्टिव्ह फिफ्टी’ ही पन्नास गाण्यांची यादी लावायचा. १९९७च्या यादीत पहिल्या क्रमांकावर हेच होतं. त्यानंतर ब्रायटनच्या नॉर्मन कुकने केलेलं रीमिक्स फेब्रुवारी १९९८ मध्ये सिंगल म्हणून बाहेर पडलं आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. कुक म्हणजेच फॅटबॉय स्लिम, पण तो जगभर दणाणायला अजून काही महिने अवकाश होता. त्याआधीच्या जन्मी तो हाउसमार्टिन्स या इंडी बँडमध्ये बेस वाजवत असे, म्हणजे माणूस मुळात गिटारवाल्यांच्याच घरातला.

त्याने काय केलं ते ऐकायला सोपं आहे. गाण्याचा वेग वाढवला, त्याबरोबर सूरही वर चढवला आणि खाली ड्रम्सचा असा दणका दिला की बसलेला माणूस उठावा. वर सांगितलेली ती रेडिओग्रामची कळ आठवा : वेग वाढला की आवाजही चढतो, पातळ होतो, पोरकट होतो. रीमिक्समधला तजिंदर म्हणूनच दहा वर्षांनी लहान वाटतो. गिटारचं जे आवर्तन मूळ गाण्यात पाय लांब करून बसलेलं आहे, ते इथे उड्या मारत येतं. ४५च्या रेकॉर्डवरचं गाणं वेगाशी खेळूनच पहिल्या क्रमांकावर जावं, हा योग कुणी मुद्दाम जुळवून आणला असता तरी इतका जुळला नसता.

‘टायटॅनिक’शी याचा काय संबंध?

फेब्रुवारी १९९८च्या शेवटच्या आठवड्यात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावरून ज्याला याने खाली ढकललं, ते ‘टायटॅनिक’मधलं सेलिन डिऑनचं ‘माय हार्ट विल गो ऑन’ होतं. राज्य एकच आठवडा टिकलं. पुढच्या आठवड्यात मॅडोना आली आणि तिच्यामागून सेलिनबाई परत वर. पण त्या एका आठवड्यात पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या सिनेमागीताला हिंदी सिनेमाच्या गायिकेवरच्या गाण्याने हरवलं होतं. एवढं पुरे.

मग खरी आवृत्ती कोणती मानायची?

रीमिक्स झालं नसतं तर हे गाणं आज मूठभर लोकांना ठाऊक असतं, हे आधी मान्य करू. आणि तरीही माझं मत मूळ आवृत्तीलाच.

रीमिक्समध्ये शब्द कानांवरून भुर्रकन जातात. मूळ आवृत्तीत सुरुवातीपासून गिटारची ती एकच घासत जाणारी लय, मोजके कॉर्ड, आणि त्यांवर तजिंदरचं ते गाणं म्हणावं की बोलणं असं काहीसं आळसटलेलं, मिडलंड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या उच्चारातलं. आवाज लावलेला नाही, कमावलेला नाही. आशाताईंच्या आवाजाविषयी गाणारा माणूस इतक्या सपाट आवाजात गातो हे मला आधी विचित्र वाटायचं. आता तेच बरोबर वाटतं. तो गायक म्हणून उभाच नाही, श्रोता म्हणून बसला आहे. रेकॉर्डबरोबर आपण सगळे गुणगुणतो तसंच. पाच मिनिटांहून थोडं लांब चालतं आणि शेवटाकडे नुसतं फिरत राहतं, कुठे पोचायची घाई नाही. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांच्याशी मी भांडत नाही. त्यांनी फक्त यादीचा भाग हेडफोन लावून एकदा ऐकावा.

बँडचं नाव कॉर्नरशॉप का?

कारण ब्रिटनमधला भारतीय म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, हा तिथला सर्वात स्वस्त विनोद होता. तो त्यांनी स्वतःच उचलून पाटीवर लावला.

यामागे राग होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय हे गोडसर गाणं अर्धंच कळतं. तजिंदर वुल्व्हरहॅम्प्टनचा. याच शहराचा खासदार इनॉक पॉवेल. त्याने एप्रिल १९६८ मध्ये शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध, रक्ताच्या नद्यांचं भाषण केलं. त्या भाषणाच्या सावलीत वाढलेली मुलं नव्वदीत गिटार घेऊन उभी राहिली तेव्हा इंडी रॉकचं जग जवळजवळ सगळं गोरं होतं. त्या जगाचा लाडका गायक मॉरिसी १९९२ मध्ये फिन्सबरी पार्कच्या कार्यक्रमात युनियन जॅक मिरवत नाचला, तेव्हा त्या झेंड्याला वर्णद्वेष्ट्या टोळक्यांचा वास अजून चिकटलेला होता. कॉर्नरशॉपने ईएमआय कंपनीच्या कचेरीबाहेर मॉरिसीची छायाचित्रं जाळली आणि संगीत साप्ताहिकांना बातमी मिळाली. त्यांच्या पहिल्या ईपीची रेकॉर्ड करीच्या रंगात काढलेली होती, हाही तसाच दात दाखवून चावण्याचा प्रकार.

त्या सुरुवातीच्या रेकॉर्डी कर्कश आहेत. वाद्यं धड जुळलेली नाहीत, आणि त्यांना त्याची फिकीरही नाही. अशा बँडने चार-पाच वर्षांनी इतकं मऊ गाणं करावं याचं नवल वाटेल. मला ते रागाचंच पुढचं पाऊल वाटतं. आधी ‘तुम्ही आम्हाला काय समजता’ हे ओरडून सांगितलं, मग ‘आमच्या घरी काय वाजतं’ हे शांतपणे, त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच गिटारवर.

म्हणजे हे ब्रिटपॉप म्हणायचं का?

ब्रिटपॉप म्हणजे नव्वदीतली ओअॅसिससारख्या ब्रिटिश गिटार बँडांची लाट. काळ तोच, गाव तेच, पण आळी वेगळी. ओअॅसिसबरोबर त्यांनी दौरे केले, आणि पुढे २००२च्या अल्बममधल्या एका गाण्यात ओअॅसिसच्या नोएल गॅलाघरने गिटारही वाजवली. पण ब्रिटपॉपला साठच्या दशकातलं एक विशिष्ट इंग्लंड परत हवं होतं, आणि त्या इंग्लंडात या लोकांना जागा दुकानाच्या गल्ल्यामागेच होती. ‘ब्रिमफुल’ज्यात आहे त्याच १९९७च्या अल्बममध्ये बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ त्यांनी आख्खं पंजाबीत गायलंय. १९६५ मध्ये जॉर्ज हॅरिसनने ज्या गाण्यात सतार वाजवली, ते गाणं बत्तीस वर्षांनी सतारीच्या मुलखातल्या भाषेत परत पाठवलं. ब्रिटपॉपच्या सगळ्या बीटल्सभक्तीत इतका नेमका टोमणा दुसरा सापडायचा नाही.

भारतीय वंशाच्या कलाकाराचं ब्रिटनमधलं हे पहिलंच नंबर वन का?

नाही. जानेवारी १९९७ मध्येच व्हाइट टाउन या नावाने गाणारा ज्योती मिश्रा, जन्म राउरकेलाचा, पहिल्या क्रमांकावर जाऊन आला होता. आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा ऊर्फ क्वीन या बँडचा फ्रेडी मर्क्युरी तर १९७५ मध्येच. पण त्या दोघांच्या गाण्यांत ऐकणाऱ्याला भारत दिसत नव्हता. इथे शीर्षकातच आहे. बीबीसीवर ‘गुडनेस ग्रेशस मी’ हा ब्रिटिश-आशियाई विनोदी कार्यक्रमही जानेवारी १९९८ मध्ये टीव्हीवर आला, त्यातली मीरा स्याल पुन्हा वुल्व्हरहॅम्प्टनचीच. त्या एका हिवाळ्यात त्या शहराने बरीच उधारी वसूल केली म्हणायची.

मध्येच धरणं कुठून आली?

गाण्यात सरकार, साध्या राहणीचा प्रचार आणि बांधली जाणारी धरणं यांचा ओझरता उल्लेख आहे. धरणाचं नाव नाही. नव्वदीतल्या भारतीय श्रोत्याला नर्मदा आठवल्याशिवाय राहत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलं, आणि १९९३ मध्ये जागतिक बँक कर्जासकट त्या प्रकल्पातून बाहेर पडली होती. पण गाणं तिथे थांबत नाही, परत धृपदाकडे वळतं. ही ओळ मला जरा अर्धवट राहिलेली वाटते. एक तर नीट बोलायला हवं होतं, नाहीतर नसतं तरी चाललं असतं.

आशाताईंचा पाश्चात्त्य पॉपशी संबंध एवढाच?

मुळीच नाही. १९९१ मध्ये त्या बॉय जॉर्ज या ब्रिटिश गायकाबरोबर गायल्या. २००२ मध्ये आर. ई. एम. या अमेरिकन बँडच्या मायकेल स्टाइपबरोबर त्यांचं गाणं आलं. २००५ मध्ये क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन तंतुवाद्य चौकडीबरोबर त्यांनी राहुलदेव बर्मनची गाणी पुन्हा गायली, त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. वयाची सत्तरी ओलांडल्यावर. शिवाय त्यांच्या नावाचं रेस्टॉरंट बर्मिंगहॅममध्ये निघालं, वुल्व्हरहॅम्प्टनपासून गाडीने फार तर पाऊण तासावर. गाण्यातली राणी शेवटी त्याच मुलखात बिर्याणी खाऊ घालायला पोचली, हा योगायोग मला फार आवडतो.

कॉर्नरशॉप म्हणजे एकाच गाण्याचा बँड ना?

चार्टच्या हिशेबाने तसंच म्हणावं लागेल. ऐकण्याच्या हिशेबाने नाही. हाच अल्बम आधी पुरा ऐका. अमेरिकेच्या ‘स्पिन’ मासिकाने १९९७चा सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून त्याची निवड केली होती आणि त्यात ॲलन गिन्सबर्ग हा कवीही येऊन जातो. त्यानंतर २००२चा ‘हँडक्रीम फॉर अ जनरेशन’. मग बब्ली कौर या गायिकेबरोबर केलेला २०११चा पूर्ण पंजाबी अल्बम, तो मला त्यांच्या नंबर वनपेक्षाही जास्त आवडतो. २०२०चा ‘इंग्लंड इज अ गार्डन’ही उत्तम आहे. पहिले दोन अल्बम मात्र डोकं शांत असताना लावा.

व्हिडिओ पाहण्यासारखा आहे का?

आहे. एक मुलगी आपल्या खोलीत रेकॉर्डी लावत बसली आहे आणि वेष्टनांवरच्या चित्रांतून बँड गातो आहे. मी वर जे एवढं लांबण लावलं ते व्हिडिओवाल्याला चार मिनिटांत कळलं होतं.

गिटारवर वाजवायला अवघड आहे का?

शिकायला लागल्यावर पहिल्या महिन्यात जे कॉर्ड येतात त्यांतच भागतं. अवघड आहे ते उजव्या हाताचं, ती आळसटलेली लय घाई न करता धरून ठेवणं.

घरगुती कार्यक्रमात, लग्नाच्या संगीताला वगैरे लावलं तर चालेल?

रीमिक्स लावा. आशाताईंचं नाव ऐकून मावश्या-आत्याही उठतात. मूळ आवृत्ती लावलीत तर यादी येईपर्यंत सगळे जेवणाच्या रांगेत गेलेले असतील.